मूठभर सामान, हजार तळी

दोस्तांनो, सहलीला निघताना तुमची पिशवी कशी भरता? "असू दे, लागलं तर!" असं म्हणत कोंबलेल्या निम्म्या वस्तू घडीही न मोडता घरी परत येतात, हो ना? आज मी तुम्हांला अशा ठिकाणी नेणार आहे, जिथे या "असू दे, लागलं तर"ची किंमत आपल्याच खांद्यांना मोजावी लागते.

नकाशात अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा राज्य शोधा. तिथे कॅनडाच्या सीमेला लागून 'बाउंड्री वॉटर्स' नावाचं राखीव अरण्य आहे. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर जंगल आणि त्यात हजाराहून जास्त तळी! हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी इथले खडक खरवडून काढले. मग खळग्यांत पाणी साठलं आणि तळी झाली. आत ना दुकान, ना हॉटेल. बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीलाही बंदी आहे. फिरायचं ते कॅनूतून, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, वल्ह्यांनी चालवायच्या हलक्या होडीतून.

आता गंमत ऐका. एक तळं संपलं, की पुढच्या तळ्यापर्यंत होडी डोक्यावर उलटी घेऊन चालायचं! या वाटेला 'पोर्टेज' म्हणतात. तिची लांबी 'रॉड' या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कॅनूएवढं अंतर. १६० रॉडची वाट म्हणजे अर्धा मैल, आपले आठशे मीटर. अगदी हलकी कॅनू २० किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमची ३० किलोच्याही वर! शिवाय तंबू आणि शिधा आहेच. एका फेरीत सगळं नेलं नाही, तर तीच वाट पुन्हा तुडवायची.

तिथली तेरा-चौदा वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर चार-पाच दिवस या अरण्यात जातात. मासे पकडणं हा त्यांचा आवडता उद्योग. वॉलआय, पाइक, बास हे तिथले मासे. आपल्या कोकणातली मुलं गरी घेऊन गरवायला जातात, तसंच समजा. पण घरातली गळांची भली मोठी पेटी काही डोक्यावरून नेता येत नाही. मग काय घ्यायचं?

१) दोन तुकड्यांत सुटणारी एक काठी आणि छोटं रीळ. काठीचं टोक नाजूक, झाडाला अडकून मोडतं. म्हणून ती प्लॅस्टिकच्या नळीत घालून न्यायची.

२) साडेतीन-चार किलो ताण सोसणारी दोरी, रिळावर गुंडाळलेलीच.

३) कंपासपेटीएवढी एक डबी. तिच्यात सहा-आठ वजनदार गळ, त्यांना लावायच्या रबरी शेपट्या, दोन चमकत्या पत्र्या आणि पाण्यावर तरंगणारा एखादा खोटा मासा.

४) तारेचे दोन छोटे तुकडे. पाइकचे दात इतके धारदार, की साधी दोरी पटकन तुटते. म्हणून गळाच्या आधी तार जोडायची.

५) लांब नाकाची पक्कड आणि नखं कापायचं कटर. एकाने गळ काढायचा, दुसऱ्याने दोरी कापायची.

झालं! एवढ्यात भागतं. शिध्यात मात्र प्रत्येक जेवण मोजून न्यायचं. मासा मिळाला तर मेजवानी, नाही मिळाला तर डाळ-भात. माशाच्या भरवशावर उपाशी राहायचं नाही, बरं का!

आता या डबीत दोन गोष्टी का नाहीत, ते पाहा.

पहिली गोष्ट, शिसं. गळ बुडावा म्हणून शिशाचे मणी लावायची जुनी पद्धत. पण तिथे लून नावाचा सुंदर पाणपक्षी आहे, मिनेसोटाचा राज्यपक्षी. अन्न दळायला तो तळाशी पडलेले खडे गिळतो. त्यांबरोबर तुटून पडलेला शिशाचा मणी पोटात गेला, तर विषबाधा होते. एक मणीही त्याचा जीव घेऊ शकतो! म्हणून मणी कथलाचे घ्यायचे.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही चकित व्हाल. गांडुळं! आम्ही शिक्षक वर्गात शिकवतो, की गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र. आपल्या शेतात ते अगदी खरं आहे. पण हिमयुगानंतर मिनेसोटातलं हे जंगल गांडुळांशिवायच वाढलं. तिथे जमिनीवर पालापाचोळ्याची जाड गादी असते आणि तिच्यातच रोपं, नेचे, रानफुलं रुजतात. बाहेरून आलेली गांडुळं ती गादी खाऊन संपवतात. कुणी आमिष म्हणून नेलेली उरलेली गांडुळं "जाऊ दे बिचारी" म्हणून मातीत सोडली, की ती तिथलीच होतात आणि पसरतात. दया दाखवायला जावं, तर जंगलाचं नुकसान! म्हणून रबरी शेपट्याच बऱ्या. सीमेपलीकडे कॅनडाच्या क्वेटिको उद्यानात तर खऱ्या आमिषाला बंदीच आहे. गळही काट्याविना हवा, म्हणजे नको असलेला मासा सहज सोडता येतो. असा गळ चुकून बोटात रुतला, तर तोही सुटतो लवकर!

तीन नियम मोठ्यांनीही लक्षात ठेवावेत. पोर्टेजवर पाऊल टाकण्याआधी दोरीचा गळ सोडून डबीत ठेवायचा, कारण मागून येणाऱ्याचा डोळा मोलाचा आहे. पाण्यावर असताना जीवरक्षक जाकीट अंगावरच हवं. आणि माशाची आतडी तंबूजवळ टाकायची नाहीत, कारण वासावर काळं अस्वल येतं!

दोस्तांनो, तुम्ही बाउंड्री वॉटर्सला जाल तेव्हा जाल. पण पुढच्या सहलीआधी एक खेळ करून पाहा. सगळं सामान चटईवर मांडा आणि प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा : "तुझ्यावाचून खरंच अडेल का? आणि जिथे चाललोय, तिथे तुझ्यामुळे कुणाला त्रास तर होणार नाही ना?" जिला नीट उत्तर देता येणार नाही, तिला घरीच ठेवा. पाहा बरं, पिशवी किती हलकी होते ती!