तेलाचा ताप

बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर तापमानाचा जो काटा असतो तो पाण्याचा, म्हणजे कूलंटचा. थर्मोस्टॅट ते ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, म्हणून काटा सहसा मध्यावरून हलत नाही. ऑइलचं तसं नाही. पिस्टनची खालची बाजू, क्रँकशाफ्टची बेअरिंगं, जिथे पाणी पोचत नाही तिथली उष्णता ऑइल उचलतं. ९० ते ११० अंश हे त्याचं रोजचं. १३०च्या पुढे बराच वेळ राहिलं, की ते फार पातळ होतं आणि धातूवर धातू घासू लागतो.

माझ्या सेकंडहँड गाडीत ऑइलचं तापमान आकड्यात दिसतं. मे महिन्यात आम्ही मावशीच्या दहाव्याला महाडहून वाईला निघालो होतो. निघताना ऑइलची पातळी बघितली होती, बरोबर होती. आंबेनळी घाट, पुढे रांगणारी एसटी, एसी चालू, गाडीत पाच माणसं. पाण्याचा काटा मध्यावर शांत. ऑइल ११२, ११८, १२४.

"बाबा, चढतंय," मी म्हणाले.

बाबांनी २० वर्षं टेम्पो चालवलाय. "एसी बंद कर. सेकंडला घे. इंजिनाला रडवत चढवू नकोस, मोकळं पळू दे."

खालच्या गिअरमध्ये पंप जोरात फिरतात, बेअरिंगांवरचा भार हलका होतो. तरी १२८.

कृष्णेच्या घाटावर १० वाजता पोचायचं होतं. आईची सख्खी बहीण. थांबू का, हे तिला विचारायचा धीर होईना. मागून तीच म्हणाली, "थांबव गं गाडी. कावळा काही पळून जात नाही."

वळणापुढे मोकळी जागा होती. टर्बोची गाडी तापलेली असताना लगेच बंद केली, तर टर्बोतलं ऑइल जागीच करपतं. म्हणून इंजिन नुसतं चालू ठेवलं. १२१. ११५. दरीकडे बघत आई मावशीबद्दल बोलू लागली, दहा दिवसांत पहिल्यांदाच. आकडा १०५वर आला तेव्हा मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली: आत्ता नको.

वाईला पोचायला उशीर झालाच. पण कावळा आमच्यानंतर आला.

तुमच्या गाडीत हा आकडा दिसत नसेल, तर घाटात नुसत्या पाण्याच्या काट्यावर विसंबू नका. चढ लांब, गाडी भरलेली, ऊन कडक असेल तर मध्ये एकदा थांबा. मागे बसलेल्यांपैकी कुणाला काही बोलायचंही असेल.