सशाचे शिंग, सशाचा दात

सशाला शिंगे नसतात, हे आपल्या दार्शनिकांनी इतक्या वेळा बजावून ठेवले आहे की त्याला दात असतात याकडे आपले लक्षच जात नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकातले शशविषाण आणि वामनपंडितांनी केलेले त्याचे मराठी रूप मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आले. दातांचा प्रत्यय मात्र गेल्या पावसाळ्यात कोल्हारच्या आमच्या घरी आला, तोही माझ्या बारा वर्षांच्या लेकीच्या मनगटावर.

ससा माझ्या भावाने नाशिकहून आणला होता. पांढराशुभ्र, ओंजळीत मावणारा. घरात मराठीचे दोन प्राध्यापक असल्यावर नाव साधे कसे असणार? आम्ही 'शशांक' ठेवले. चार-पाच महिने तो लेकीच्या मांडीवर झोपत असे. एके दिवशी घासाची जुडी ठेवायला तिने पिंजऱ्यात हात घातला, तर घशातून घुरघुर काढून त्याने पुढचे पंजे उगारले, झेप घेतली आणि दात रुतवले. डॉक्टरांनी जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. जखम आठवड्यात भरली. लेक मात्र त्या खोलीत पाऊल टाकीना. "मी काय केलं होतं त्याला?" एवढेच ती विचारीत राहिली.

घरातल्या प्रत्येकाजवळ उत्तर तयार होते. यजमानांच्या मते लाडाने बिघडला. दुसऱ्यांदा अंगावर आला तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी त्याच्या नाकावर आपटली; त्यानंतर तो कागद सळसळला तरी घुरकू लागला. मी स्वतः, सांगायला लाज वाटते, 'कृतघ्न' हा शब्द वापरला. सासूबाई म्हणाल्या, "मुकं जनावर कोंडून ठेवलंय, दुसरं काय होणार? उसात सोडून द्या."

उसात सोडणे हे प्रवराकाठी दयेचे कृत्य वाटते. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा तिथे मुंगसाच्या, कुत्र्याच्या किंवा बिबट्याच्या तोंडी जाण्यापलीकडे काही करू शकत नाही. शिवाय आपल्या शिवारातला ससा हा प्राणीच निराळा. तो बीळ खणीत नाही. त्याची पिले उघड्यावर, गवताच्या आडोशाला जन्मतात. जन्मतःच त्यांच्या अंगावर लव असते, डोळे उघडे असतात. पाळीव ससा हा युरोपातल्या, बिळे खणून समूहाने राहणाऱ्या जातीचा वंशज. त्याची पिले उघडीवाघडी आणि आंधळी जन्मतात. इंग्रजीने या दोघांना दोन नावे दिली, मराठीने दोघांनाही 'ससा' म्हटले. त्यामुळे रानसशाचा पळपुटेपणा पाळीव सशालाही चिकटला. ज्याला बीळ असते त्याला राखण्यासारखेही काही असते, हे आपल्या त्या एका शब्दात मावत नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यात सगळी वर्दळ गायीम्हशींची. तिथे टोपली घेऊन बसणे अवघडच वाटले. डॉक्टरांनी प्रथम दात पाहिले. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, वेडेवाकडे वाढले की टोचतात, आणि दुखणारा ससा चावतो. दात ठीक होते. मग त्यांनी त्याला उलटे धरून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, ही मादी आहे." (पिलू लहान असताना नर-मादी ओळखण्यात जाणकारही चुकतात म्हणे.) वयात आलेली मादी आपल्या जागेत शिरणारा हात सहन करीत नाही. त्यातून तो हात समोरून आला तर तो तिला दिसतही नाही; डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने ऐन नाकासमोरचा भाग तिच्या नजरेआड राहतो.

चार दिवसांनी शशांकने छातीचे केस उपटून कोपऱ्यात अंथरले, तोंडात गवत धरून तिकडे नेऊ लागली. हा खोटा गर्भ. नराचा संबंध नसतानाही शरीर आई होण्याची तयारी करते. १६ ते १८ दिवसांनी ते ओसरते. म्हणजे ती नसलेल्या पिलांसाठी लढत होती. शशविषाणाइतकेच नसलेल्या! दार्शनिकांच्या नजरेतून हे उदाहरण कसे निसटले कोण जाणे.

रिचर्ड अ‍ॅडम्सची 'वॉटरशिप डाऊन' (१९७२) मी विद्यार्थिदशेत वाचली होती. त्या कादंबरीमागे आर. एम. लॉकलीचा सशांवरचा १९६४ चा अभ्यासग्रंथ आहे. बिळे खणणे हे सशांत मुख्यतः माद्यांचे काम. कादंबरीत मात्र खणणारे आणि लढणारे बहुतेक नर. वाचताना मला त्यात काही खटकले नव्हते.

मग आम्ही काही गोष्टी बदलल्या. ती आत असताना पिंजऱ्यात हात घालायचा नाही. ती आपणहून बाहेर पडली की सफाई करायची. तिचे घरटे तिने सोडेपर्यंत विस्कटायचे नाही. उचलायचे नाही, जमिनीवर बसायचे. पण दोन महिन्यांनी पुन्हा छातीचे केस निघाले, तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय टाळता येईना. अंडाशयांसह गर्भाशय काढले तर हे चक्र थांबते, उतारवयातला गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. पण भुलीचा धोका सशाला कुत्र्या-मांजरापेक्षा जास्त. लेकीने विचारले, "ती मेली तर?" यजमान वर्तमानपत्राची घडी करीत राहिले. मला उत्तर सुचले नाही.

शिर्डी, सिन्नर करीत नाशिकला गेलो. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवायचे नसते. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत जाताना लेक मागच्या सीटवरून टोपलीत एकेक कोथिंबिरीची काडी सोडत होती. चावा बसल्यापासून इतक्या जवळ ती प्रथमच बसली होती.

शशांक जगली. घुरघुर कमी व्हायला दीड महिना लागला. पूर्ण गेली असे अजूनही म्हणवत नाही. परवा लेक फरशीवर गृहपाठ करीत बसली होती, डावा हात पसरलेला. शशांकने तो हुंगला आणि त्यावर हनुवटी घासली. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. जिथे ती घासली ते आपले, असा त्याचा अर्थ. लेकीने हात हलवला नाही. उजवा हात मात्र तिने मांडीखाली दाबून धरला होता.