रविवारचा कायदा

जर्मनीतल्या इल्मेनाऊमध्ये रविवारी काचेची बाटली टाकायची नसते. काचेचे मोठाले डबे रस्त्याकडेला उभे असतात, पण बाटली आत पडताना खळ्ळकन वाजते आणि तेवढ्या आवाजालाही त्या दिवशी बंदी. ड्रिल चालवायचं नाही, हिरवळ कापायची नाही, किराण्याची दुकानं बंद. रविवार विसाव्याचा, हे जर्मनीच्या राज्यघटनेतच लिहिलंय. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेने जसंच्या तसं ठेवून घेतलं. निवांतपणाला घटनेचं संरक्षण! मी लातूरला क्लास केलेली मुलगी. सुरुवातीला मला हसूच आलं.

दहावी झाली की नांदेडची पोरं लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूरला जातात. मीही गेले. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं आणि त्याच्याभोवती खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं असं एक वेगळंच शहर उभं राहिलं. लहान गाव म्हणजे संथ गाव असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पहाटे ट्यूशन एरियात उभं राहावं. डबा खाताना मांडीवर रसायनशास्त्र, अंघोळीच्या रांगेत तोंडाने सूत्रं. घरी फोन केला की आजी विचारायची, “काय करलालीस गं?” नुसती बसलेय, असं उत्तर देण्याची सोय नव्हती.

त्या पळत्या गावाला २०१६ च्या उन्हाळ्यात पाण्याने थांबवलं. टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाल्यांनी तिचं कौतुक केलं ते ठीकच. पण टँकरच्या रांगेत घागरी लावून बायकांनी जो वेळ काढला, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. आम्ही पोरीही रांगेत नोट्स घेऊन उभ्या राहायचो.

आजीला मात्र संथपणाची सवय होती. तिचं माहेर ढोकीकडचं. पंढरीला जायचं तर बार्शी लाइट रेल्वे, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची. १९११ साली ती लातूरपर्यंत आली आणि या शतकात रूळ रुंद होईपर्यंत आपल्याच चालीने धावत राहिली. आजी सांगायची, चढणीला गाडी दमली की माणसं खाली उतरून शेंगा सोलत बरोबर चालायची. यात थोडं तिखटमीठ असणारच. पण उशीर झाला म्हणून चिडलेलं माणूस तिच्या एकाही गोष्टीत नव्हतं.

इल्मेनाऊच्या डोक्यावर किकेलहान नावाचा डोंगर आहे. खाणींच्या कारभारासाठी या भागात येणाऱ्या कवी गटेने सप्टेंबर १७८० मध्ये तिथल्या लाकडी खोपटाच्या भिंतीवर आठ ओळी लिहिल्या, संध्याकाळच्या शांततेवर. मूळ खोपट १८७० मध्ये जळालं, पुन्हा बांधलं. रविवारी अख्खं गाव तिकडे चालायला जातं. मी पहिल्यांदा गेले ती घड्याळ बघत. किती वेळात चढले, हे कुणी विचारेल असं वाटत होतं. कुणी विचारलं नाही. एका म्हाताऱ्या जोडप्याने बाकावर सरकून जागा दिली आणि सफरचंद कापून पुढे केलं. (या देशात घाई असते ती फक्त सुपरमार्केटच्या काउंटरवर. सामान पिशवीत भरेपर्यंत पुढच्याचं बिल झालेलं असतं.)

हळूहळू अंगवळणी पडलं. शनिवारीच दूध-पाव आणून ठेवायचे, टपालाने येणाऱ्या सरकारी पत्राची वाट पाहायची, जिन्यात भेटेल त्याला नमस्कार करायचा. तरी मराठी मंडळी जमली की ‘इथे कसं शांत, आपल्याकडे नुसती धावाधाव’ असं म्हणतात, तिथे मला राहवत नाही. आपल्याकडेही माणसं तासन् तास थांबतातच की. एसटीसाठी, टँकरसाठी, तलाठ्याच्या सहीसाठी. इथे माणूस बाकावर बसतो तेव्हा त्याच्या घरच्या नळाला पाणी असतं. एवढा फरक सोडला तर किकेलहानवरच्या म्हाताऱ्यात आणि माझ्या आजीत मला फारसं वेगळेपण दिसत नाही. आजीच्या वाट्याला आलेला तो वेळ मात्र तिने मागितलेला नव्हता. तो गोड करून घेणं तिने आपल्या बळावर साधलं.

गेल्या रविवारी लातूरच्या मावशीला फोन लावला. हातात भरपूर वेळ होता, म्हटलं निवांत बोलू. डोंगराचं सांगायला नुकती सुरुवात केली होती, तेवढ्यात पलीकडून बादल्यांचा खडखडाट आणि मावशीचा आवाज, “ठेव गं बाई, नळ आलेत!”