सुकाणू बांधून ठेवताना

आमच्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधू आहे, पैनगंगा आहे, पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण आहे. पण शिडाची नौका पाहायची तर पाचशेहून अधिक किलोमीटर तुडवून कोकण किनारा गाठावा लागतो. अशा ठिकाणच्या, हळद शिजवणाऱ्या घरातल्या मुलीने शिडाच्या नौकेवर लेख लिहावा, हे काहींना हास्यास्पद वाटेल. वाटो बापडे!

निमित्त झाले ‘सुहैली’ या नौकेची हकीकत वाचण्याचे. ही नौका आपल्या मुंबईत, आपल्या सुतारांच्या हातून सागवानात घडली. लांबी अवघी ३२ फूट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ रोजी तिच्यातून एकटाच फालमथहून निघाला आणि कुठल्याही बंदराला न लागता, पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. त्या शर्यतीत ९ जण उतरले होते. पुरी केली ती या एकट्याने. ३१२ दिवस!

ही हकीकत मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. आई हळदीची बोटे निवडीत होती. वादळ, लाटा, केप हॉर्न यांपैकी कशाचेच तिला काही वाटले नाही. तिने एकच विचारले, “एकटाच हाय म्हन्तीस, मंग झोपतो कव्हा?”

विद्वानांना सुचणार नाही असा हा प्रश्न आहे. वाऱ्यावर चालणारी सुकाणूची एक यांत्रिक जोडणी त्याच्याकडे होती. ती ऑस्ट्रेलियाजवळ मोडली. पुढे पॅसिफिक, केप हॉर्न आणि सगळा अटलांटिक उरलेला. सुकाणू धरून बसावे तर झोप नाही, सोडावे तर नौका भलतीकडे वळणार. तेव्हा त्याने नौकेचा तोलच असा जमवला की ती आपली आपण वाट धरून चालावी. ‘सुहैली’ला दोन डोलकाठ्या होत्या, मोठी पुढे व लहान मागे. तो कुठले शीड आवळी, कुठले सैल सोडी, आणि मग जाऊन निजे.

हे होते कसे, ते मला धाकट्या भावाच्या खेळण्याने शिकवले. त्याने पांगाऱ्याच्या लाकडाची हातभर होडी कोरली, खाली पत्र्याची पट्टी ठोकली, जुन्या धोतराचे शीड लावले आणि आम्ही ती धरणाच्या पाण्यात सोडली. सुकाणू खिळ्याने पक्के केलेले. होडी चार हात गेली आणि गर्रकन वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, शीड फडफडत. पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

आजोबा काठावर बिडी ओढीत होते. आयुष्य बैलगाडीवर गेलेले. म्हणाले, “माघं वजं झालंय, पोराहो. गाडी उलाळ झालीय. काठी म्होरं घ्या.”

गाडीचा दाखला इथे तंतोतंत लागू पडतो असे नाही, पण म्हातारा बरोबर बोलला! वारा साऱ्या शिडांना मिळून जणू एका बिंदूवर ढकलतो. पाणी बुडालेल्या अंगाला दुसऱ्या एका बिंदूवर अडवते. वाऱ्याचा बिंदू पाण्याच्या बिंदूच्या फार मागे पडला, की मागची बाजू रेटली जाते आणि नाळ वाऱ्याकडे वळते. फार पुढे गेला, की नाळ वाऱ्यापासून दूर पळते. नौका एका अंगावर फार कलली तरी ती वाऱ्याकडे वळू पाहते. म्हणून जाणता खलाशी वारा वाढला की सुकाणूशी झुंजत बसत नाही, शीड कमी करतो.

भावाने डोलकाठी तीन बोटे पुढे रोवली. होडी सरळ निघाली आणि हातात येईना, तेव्हा त्याला कमरभर पाण्यात धावावे लागले. आजोबा खोकता खोकता हसले.

यात एक बारकावा मला फार आवडतो. तोल अगदी काटेकोर ठेवायचा नसतो. नौकेची ओढ किंचित वाऱ्याकडे असू द्यायची. एकटा माणूस घसरला, सुकाणू सुटले, तर ती वाऱ्यात तोंड घालून मंदावते. उलट ओढीची नौका तशीच भरकटत जाते.

अमेरिकेच्या जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती प्रथमच. त्याची ‘स्प्रे’ सुकाणू बांधून ठेवले की दिवसचे दिवस नीट चाले. आपल्या नौदलातले दिलीप दोंदे २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकटे जग फिरून आले, तसे करणारे पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली कुठेही न थांबता फेरी पुरी केली. या साऱ्यांना आईचा प्रश्न पडला असणारच.

आता थोडे घरचे. वडील गेल्याला तीन वर्षे झाली. तेव्हापासून आमच्या घराचे सुकाणू आईच्या मुठीत आहे, आणि मूठ ती सोडत नाही. मोटार तीच सुरू करणार, दुकानदाराचा हिशेब तीच ठेवणार, आडतीवर तीच जाणार. रात्रीची वीज असली की बॅटरी घेऊन तीच शेतात. पुढल्या वर्षी एम. ए. साठी मला बाहेर जायचे आहे. जाऊ नको असे ती म्हणत नाही. “जा तू, मी हाय की,” म्हणते. नेमके तेच ऐकून माझा पाय अडतो.

म्हणून दिवाळीपासून आम्ही घरातल्या दोऱ्या पुन्हा बांधतो आहोत. हिशेबाची वही आजोबांच्या उशाशी गेली. अक्षर वाकडे, पण बेरीज चोख. भाऊ मोटारीचा स्टार्टर शिकला. आडतीवर काकांनी तिच्याबरोबर जायचे ठरले. तिला ते रुचलेले नाही, दोनदा तिने त्यांना न सांगताच पोते उचलले.

परवा रात्री एक वाजता वीज आली. भाऊ उठला, बॅटरी घेतली आणि गेला. आई जागी होती. कूस बदललेली मला ऐकू आली. ती उठली नाही. पहाटे तो चिखलाच्या पायांनी आला, तेव्हा अंथरुणातूनच तिने विचारले, “शेवटच्या सरीपातुर गेलं का पानी?”

“गेलं,” तो म्हणाला.