ब्रॉडवेच्या गाण्यांवर नाचणारी रात्र

न्यूयॉर्कला आलेला माणूस ब्रॉडवेवर संगीत नाटक पाहतोच. पण त्याच नाटकांतल्या गाण्यांवर क्लबात रात्रभर नाच रंगतो आणि त्याची तयारी लग्नघरासारखी आठवडाभर चालते, हे मला जर्सी सिटीला भाचीकडे गेल्यावर कळलं.

“मावशी, तू कोण होणार ते आधी ठरव,” ती म्हणाली. तिथे नाटकातलं पात्र होऊन जायचं असतं. मैत्रिणींच्या ग्रुपवर वाटणी झालेली होती. एक जण ‘विकेड’मधली हिरव्या कांतीची एल्फाबा, घामात रंग टिकेल का, यावर तासभर खल. एकीने ‘फँटम’चा अर्धा पांढरा मुखवटा घेतला. भाचीने ‘रेंट’मधल्या मार्कचा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर शोधून काढला. मी नऊवारी नेसून सुभद्रा व्हायचं ठरवलं. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ सालचं, आणि तेही पदांनी भरलेलं, हे ऐकून त्या पोरींनी मला प्रश्नांनी घेरलंच.

मग बाकीची जुळवाजुळव. एकविसाच्या आतल्यांना दारू देता येत नाही, म्हणून दारावर वय तपासतात. मी पासपोर्ट जवळ ठेवला. पायात सपाट बूट. जेवण घरूनच. थंडीचे कोट आत गेल्या गेल्या ठेवायला द्यायचे. परतीची काळजी नव्हती, कारण मॅनहॅटन आणि जर्सी सिटी जोडणारी पाथ रेल्वे रात्रभर धावते.

आत पाऊल टाकलं आणि मी थक्क झाले. ‘टाइम वॉर्प’ लागलं होतं. १९७३ साली लंडनमध्ये आलेल्या ‘रॉकी हॉरर शो’तल्या या गाण्यात नाचाची पावलं गाण्यातच सांगितलेली आहेत. क्षणात अनोळखी माणसांच्या रांगा झाल्या. नऊवारीतली मी त्यांच्यातच, आणि काष्ट्यामुळे पाय कुठे अडेना!

पुढे ‘ले मिझराब्ल’मधलं ‘वन डे मोअर’ आलं. पहिल्या अंकाच्या शेवटी सगळी पात्रं आपापली चाल एकाच वेळी गातात, असं ते गुंतागुंतीचं गाणं. इथे कुणी काही सांगितलं नाही, तरी गर्दीने आपसात भाग वाटून घेतले. बारपाशी उभे असलेले इन्स्पेक्टर जावेर झाले, खांबाजवळच्या दोघी प्रेमिकांच्या ओळी गाऊ लागल्या, मधल्या घोळक्याने बंडखोर विद्यार्थ्यांचा सूर धरला. आणि सगळे बरोबर एका ठिकाणी येऊन मिळाले! ‘विकेड’मध्ये पहिल्या अंकाअखेर एल्फाबा हवेत उंच जाते; ते गाणं लागताच आमच्या हिरव्या मैत्रिणीला दोघांनी खांद्यावर उचललं.

इतक्या जणांना इतकं पाठ कसं? दम खायला बसलो तेव्हा मार्कच्या मफलरातल्या भाचीने सांगितलं, “अगं, इथे कितीतरी हायस्कुलांत दरवर्षी मुलं अख्खं म्युझिकल बसवतात. गातात, वाजवतात, पडदे रंगवतात.” या गर्दीतले कित्येक जण कधी ना कधी त्या रंगमंचावर उभे राहिलेले. दुसरं कारण ध्वनिमुद्रणाचं. १९४३च्या ‘ओक्लाहोमा!’पासून मूळ संचाच्या गाण्यांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. २०१५ साली ब्रॉडवेवर आलेलं ‘हॅमिल्टन’ जवळजवळ पूर्ण गाण्यांतूनच घडतं. त्याचं महागडं तिकीट न परवडलेल्या मुलांनी ते ऐकून ऐकून मुखोद्गत केलं.

आपल्याकडे रसिक ‘वन्समोअर’ देऊन नटाकडून पद पुन्हा म्हणवून घेत आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. ती भूक मी या क्लबात पाहिली. फरक एवढाच, की इथे गाणारा नट कुणी वेगळा नव्हता. गाणं ऐकणाऱ्यांच्याच गळ्यात आणि पायांत होतं. हे एका रात्रीत येत नाही. त्याची मुळं शाळेच्या तालमींत असतात.

म्हणून मनापासून वाटतं, ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’ आपल्या शाळांतल्या मुलामुलींनी दरवर्षी उभी करावीत. पेटी-तबला त्यांनीच वाजवावा, पडदे त्यांनीच रंगवावेत. ती मुलं मोठी झाली की पुण्यात, सांगलीत अशी रात्र भरवायला कुणाला सांगावं लागणार नाही. आणि तिथे सुभद्रा कोण होणार, यावर आठवडाभर भांडणं होतील.