टाळ्या थांबल्यावर



मध्यंतरी धुळ्यातील माझ्या दवाखान्यात एक आजोबा आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रक्तदाब 170/100. त्यांच्या सतरा वर्षांच्या नातवाचे अहिराणी गाणे धुळ्यापासून जळगावपर्यंत हळदीच्या मांडवांत वाजू लागले होते. लोक कौतुकाने त्याच्यासोबत फोटो काढत. त्याच्या हावभावांवरून मोबाइलवर घाणेरड्या शिव्याही येत. एका रात्री त्याने आजोबांजवळ मन मोकळे केले : आपल्याला मुलींची नव्हे, मुलांची ओढ वाटते.

“डॉक्टरसाहेब, पोऱ्यासाठी काही औषध आहे का?”

औषध रोगावर असते. समलैंगिकता हा रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच तिला आजारांच्या यादीतून वगळले. ‘उपचार’ करून ती बदलू पाहणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले आहे. हे मी आज ठामपणे सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी मात्र अशाच एका पित्याला मी म्हणालो होतो, “लग्न लावून द्या, सुधारेल.” त्या सल्ल्याने दोन आयुष्ये करपली.

ऑस्ट्रेलियाचा गायक ट्रॉय सिवान याने 2013 मध्ये, अठराव्या वर्षी, चाहत्यांना आपले सत्य सांगितले. घरच्यांना त्याने ते तीन वर्षे आधीच सांगितले होते. आपल्याकडे, 2014 चा ‘मिस्टर गे इंडिया’ किताब मिळवणाऱ्या मुंबईच्या सुशांत दिवगीकर यांच्यामागे वडील प्रदीप दिवगीकर जाहीरपणे उभे राहिले. जगाच्या टाळ्या आणि शिव्या दोन्ही आपल्या हाती नसतात. घरातला शब्द असतो.

म्हणून, घरातील वडीलधाऱ्यांनो, त्याचे गुपित नातलगांत नेऊ नका. कोणाला आणि कधी सांगायचे, ते त्यालाच ठरवू द्या. लोकांच्या शिव्या त्याला वाचून दाखवू नका. रात्री जेवताना मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. झोप उडाली, जेवण तुटले, गाणे थांबले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर त्याला एकटे सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानसचा 14416 हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

महिन्याने आजोबा पुन्हा आले. रक्तदाब थोडा उतरला होता. “सगळं समजलं असं नाही, डॉक्टरसाहेब,” ते म्हणाले, “पण रात्री त्याला म्हटलं, बाळा, एक गाणं माझ्यासाठी म्हण.”

मी गोळी तीच ठेवली.