कुसळ, मुसळ आणि झिरो एरर

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून मत्तयाचा सातवा अध्याय इंग्रजीत पाठ करून घ्यायच्या. दुसऱ्यांचा न्याय करू नका, ज्या मापाने तुम्ही मोजाल त्याच मापाने तुम्हालाही मोजलं जाईल वगैरे. मार्क्स मिळाले, विषय संपला. पुढे घरी मराठी बायबल उघडलं तर तिथे चक्क आपलं कुसळ आणि मुसळ! ही म्हण तर आजी रोज कुणाला तरी ऐकवायची. बहुतेक मलाच.

यंदा गुड फ्रायडेला सकाळी नंदुरबारहून नवापूरच्या एस.टी.त बसले. उपास धरला होता. खांडबाऱ्याला एक आजोबा गोणी घेऊन शेजारी बसले. मोहाचा उग्र वास! मी नाकाला ओढणी लावून खिडकीकडे सरकले. कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, सकाळीच?" सगळे हसले. मीही हसले.

आजोबांनी काही न बोलता गोणीचं तोंड सोडलं. आत मोहाची फुलं. वेचून, सुकवून बाजारात विकायला निघालेली. मी याच जिल्ह्यात वाढलेय, होळीच्या आसपास झाडाखाली फुलं वेचणारी माणसं दरवर्षी बघते. तरी मला आठवली ती दारूच.

फर्स्ट इयरला व्हर्नियर हातात घेतला की सर आधी झिरो एरर बघायला लावायचे. मापच चुकलेलं असेल तर रीडिंग कितीही जपून घ्या, चुकणारच. सिस्टरांनी पाठ करून घेतलेलं ते मापाचं वचन मला त्या सीटवर बसून कळलं.

नवापूरला त्यांची गोणी मी खाली उतरवून दिली. माफी मागायला मात्र तोंड उघडलं नाही.